सातशे तीनमधली वाफ

१

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत प्रसेनजीत अकरा वर्षं बॉयलर सांभाळत होता. पण त्या अवाढव्य बॉयलरने त्याच्या डोक्याला जेवढा ताप दिला नव्हता, तेवढा घरातल्या एका बादली गरम पाण्याने महिन्याभरात दिला.

झालं होतं असं. दीक्षा बाळंत होऊन मुलगी घरी आली आणि तिला न्हाऊ-माखू घालायला प्रसेनजीतची आई सरुबाई गारगोटीहून कोल्हापुरात आली. सातव्या मजल्यावरचा, सातशे तीन नंबरचा नवा कोरा फ्लॅट. आल्या दिवशी सरुबाईने सगळं घर सोडून आधी बाथरूम पाहिलं. खिडकी लावली, पंख्याच्या भोकात जुन्या लुगड्याच्या फडक्याचा बोळा कोंबला आणि म्हणाली, "आता बरं झालं. पोरीला वारा लागाय नको."

मग रोज सकाळी दहाला तेच. दार लावून सरुबाई पाटावर बसायची, पाय लांब करायची, पोरीला नडग्यांवर पालथी घ्यायची आणि कढत पाण्यात गार पाणी घालत तांब्या तांब्या ओतायची. एवढ्याशा बाथरूममध्ये वाफ कोंडून राहायची. पुढे दार उघडलं की ती सगळी भसकन पॅसेजमध्ये यायची आणि दारापासून दोन हातांवर, छताला, बिल्डरच्या कुणा शहाण्या माणसाने धुराचा अलार्म बसवलेला होता. तो वाजला की अकराच्या अकरा मजल्यांवर भोंगा व्हायचा.

न्हाऊन गुंगलेली पोर त्या आवाजाने अशी दचकायची की तासभर काळीनिळी होऊन रडायची. पाजायला घेतलं तरी दोन घोट पिऊन पुन्हा दचकायची. डॉक्टरांनी वजन केलं तेव्हा काटा महिन्यापूर्वी होता तिथंच होता. "झोप होत नाही तिची," डॉक्टर म्हणाले, "आवाज टाळा." जसा काही तो भोंगा प्रसेनजीतने हौसेने आणून लावला होता.

शेजाऱ्यांनी तर त्याचं नावच टाकून दिलं. सोसायटीचे सेक्रेटरी अमरसिंह बनियनवर जिन्यात येऊन ओरडायचे, "ओ सातशे तीन! झाली का आंघोळ? उतरलेली माणसं वर पाठवू का?"

२

रविवारी प्रसेनजीतने आईला समोर बसवून समजावलं. वाफेचा माणूस तो, हे त्याचंच काम होतं.

"आई, त्या डबीत एक बारका दिवा असतोय. त्याचा उजेड एका बाजूनं जातोय. आत धूर शिरला की उजेड विस्कटतोय आणि भलतीकडं पडतोय. तसा पडला की भोंगा. त्याला धूर आणि वाफ ह्यातलं काय कळत न्हाय. पाण्याचा बारीक थेंब असू दे न्हायतर राख, त्याला सगळं एकच."

"मग मूर्खच हाय की त्यो," सरुबाई म्हणाली.

"मूर्ख हाय. म्हणून आपण शाणं व्हायचं. तो बोळा काढ, पंखा लाव, आणि वाफ बसल्याशिवाय दार उघडू नको. एवढंच."

"दार मी उघडत न्हाय."

"मग कोण उघडतंय?"

"मला काय म्हाईत? माझ्या पायावर पोर असतीया. एका हातानं तिचं डोकं धरलेलं, दुसऱ्या हातात तांब्या. मी उठून दार उघडतो व्हय?"

प्रसेनजीतने कपाळाला हात लावला. बोळा मात्र त्याने स्वतः उपसून काढला आणि बाल्कनीत दोरीवर टाकला. सरुबाईने तो दहा मिनिटांत परत कोंबला. चाळीस दिवसांच्या पोरीला वारा लावून मारायची का, असं वर विचारलं.

शेवटी तो हॉलमध्ये खुर्ची टाकून बाथरूमच्या दारावर नजर लावून बसला. आतून पाण्याचा आवाज येत होता. तांब्या बादलीत बुडायचा, पाणी पडायचं, सरुबाई काहीतरी पुटपुटायची. मे महिना, बाहेर ऊन तापलेलं, आणि आत कढत पाणी. त्याला नुसत्या विचारानेच घाम फुटला.

दहा वाजून दहा मिनिटांनी दार वीतभर उघडलं. सावकाश उघडलं, आवाज न करता. वाफ बाहेर आली. पाण्याचा आवाज अजून चालूच होता.

भोंगा झाला. आतून पोर किंचाळली आणि सरुबाई त्याहून मोठ्याने ओरडली, "कुणी रं त्ये दार उघडलं?"

प्रसेनजीतच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दाराची कडी तपासली. पाच वेळा लावून ओढून पाहिली. कडी घट्ट होती, बिजागरीत खोट नव्हती, दार आपणहून हलत नव्हतं. यंत्र ठीक असेल तर चूक माणसाची असते, असं त्याला अकरा वर्षांच्या नोकरीने शिकवलं होतं.

"आई, वय झालंय तुझं," तो म्हणाला. "तू उघडतीस आणि तुझ्या ध्यानात राहत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने पिशवी भरली. दीक्षाने पुष्कळ विनवलं, पण म्हातारी ऐकेना. एसटी स्टँडवर गाडीत बसल्यावर खिडकीतून ती लेकाला एवढंच म्हणाली, "दार मी उघडत न्हवतो, परसू. एवढं ध्यानात ठेव."

३

सरुबाई गेली आणि दोन दिवस भोंगा वाजला नाही. दीक्षा पोरीला बेडरूममध्येच ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. गिझर बंद होता. मोठी माणसं गार पाण्याने आंघोळ करत होती, आणि मे महिन्यात ते कुणाला जड जात नव्हतं. प्रसेनजीतला आईची आठवण यायची, पण मनात कुठंतरी तो खूषही होता. आपलं म्हणणं खरं ठरलं की माणसाला होतो तसला तो आनंद होता.

तिसऱ्या दिवशी तो कारखान्यात असताना दीक्षाचा फोन आला. मागे भोंगा चालू होता आणि पोरीचं रडणं त्याच्याही वर जात होतं.

"अहो, वाजला की परत!"

"गिझर कुणी लावला?"

"कुणी नाही लावला. मी हिला घेऊन झोपलेली."

"मग कुकर? चहा?"

"स्वयंपाकघरात काहीच नाही. मी झोपलेली, सांगितलं ना!"

सुपरवायझरची बोलणी खाऊन तो अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. बाथरूम खडखडीत कोरडं होतं. बादली उलटी, तांब्या तिच्यावर, आणि पाट भिंतीला उभा. गिझरचा दिवा विझलेला. त्याने हात लावून पाहिला, गार होता.

मग त्याची नजर वर गेली. पंख्याच्या भोकात बोळा होता.

तो त्याने आई गेली त्याच दिवशी काढून बाल्कनीतल्या दोरीवर टाकला होता. चिमटाही लावला होता. त्याने टाचा उंचावून फडकं ओढलं. ते ओलं होतं आणि भाकरी गुंडाळलेल्या फडक्यासारखं गरम होतं.

"हे तू कोंबलंस?" त्याने दीक्षाला विचारलं.

"मी कशाला कोंबू? माझा हात तरी पोचतो का तिथं?"

"मग काय ते चालत आलं?"

"माझ्यावर नका ओरडू. आईंवर ओरडलात, त्या गेल्या. आता माझ्यावर. मी पण जाऊ?"

प्रसेनजीत चडफडत बसला. एवढा मोठा बॉयलर त्याचं ऐकत होता, आणि घरातलं एक फडकं ऐकत नव्हतं.

४

खाली गेटजवळच्या खोलीत अलार्मची पाटी होती. कोणत्या घरातला कोणता अलार्म वाजला, ते तिच्यावरच्या दिव्यावरून कळायचं. वॉचमन बाळासो त्या पाटीपुढे स्टूल टाकून बसायचा.

"या, सातशे तीन," तो म्हणाला. "बसा. च्या सांगू?"

"चहा राहू दे. आज कुठला दिवा लागला?"

"तुमच्या प्यासेजचा. मग हॉलचा." बाळासो जरा थांबला. "सांगू का एक? राग यायला नगं."

"आता राग यायला काय शिल्लक हाय? सांग."

"म्हातारी होत्या तवा नुसता प्यासेजचा लागायचा. आज प्यासेजचा लागला, जरा येळ गेला, मग हॉलचा. हॉलचा लागला तवर प्यासेजचा इझलेला. धूर असता तर पसरला असता की. सगळं दिवं संगं लागलं असतं. ह्यो आपला एकेक खोली करत चाललाय."

"वाफ हाय ती, बाळासो. वाऱ्यानं सरकतीया."

"व्हय की. वाऱ्यानंच सरकत असंल," बाळासो म्हणाला, पण त्याने प्रसेनजीतकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रसेनजीतने रजा टाकली. काहीतरी फुटलंय, कुठंतरी भिंतीत गरम पाण्याचा पाइप गळतोय, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. फ्लॅटमधला भिंतीतला पाइप गिझर बंद असताना गरम कसा, हे त्याने स्वतःला विचारलं नाही. बॉयलरवर एक गोष्ट पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. पांढरी दिसते ती खरी वाफ नव्हे, ते गार होऊन झालेलं पाणी. खरी वाफ दिसत नाही. ती सुटते तिथं डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून गळती शोधताना माणूस झाडू पुढे धरून चालतो, म्हणजे वाफ आधी झाडूला लागते, अंगाला नव्हे.

दहाच्या सुमाराला त्याने घरातला झाडू उचलला आणि पॅसेजच्या तोंडाशी उभा राहिला. बाथरूमचं दार त्याने स्वतः बाहेरून कडी घालून बंद केलं होतं.

कडी सरकल्याचा आवाज झाला नाही. त्याने पापणी मिटून उघडली, तर दार वीतभर उघडं होतं.

पॅसेजमध्ये काहीच दिसत नव्हतं. फरशी स्वच्छ, भिंत स्वच्छ. त्याने झाडू पुढे धरला आणि एक पाऊल टाकलं. झाडूची टोकं ओली झाली. मग थेंब धरून खाली वाकली. कुणीतरी मधून आल्यासारखी ती बाजूला झाली आणि पुन्हा सरळ झाली. त्याच्या उजव्या हाताला, कोपरापासून खांद्यापर्यंत, न्हाऊन आलेलं माणूस घासून गेल्यावर लागावी तशी ऊब लागून गेली.

पॅसेजचा भोंगा झाला. मग त्याच्या पाठीमागे हॉलचा. मग बेडरूमचा, पोरीच्या पाळण्यावरचा.

दारावर थापा पडू लागल्या. "ओ सातशे तीन!" अमरसिंह ओरडत होते. "दमा झालेला माणूस पाचव्या मजल्यावर हाय, त्याला पायऱ्या उतरवून खाली नेलाय! लाज वाटत न्हाय का? मीटिंग लावतो आज! एकतर भोंगा बंद करा न्हायतर घर बंद करा!"

बेडरूममधून पोरीचं रडणं येत होतं. दीक्षाही आता तिच्याबरोबर रडत होती. "दहा मिनिटं झोपली असेल नसेल," ती म्हणत होती, "दहा मिनिटं. मी काय करू हिला?"

त्या दोघींचं रडणं ऐकल्यावर प्रसेनजीतच्या मनातून ती ऊब, तो झाडू, सगळं पुसून गेलं. भीती वाटायची ती राहूनच गेली. त्याला नुसता संताप आला, त्या छताला चिकटलेल्या तीन पांढऱ्या डब्यांचा.

५

कारखान्यात कुणी असं केलं असतं तर प्रसेनजीतने त्याला त्याच पावली घरी पाठवला असता. धोक्याचा आवाज बंद करायचा नसतो, धोका शोधायचा असतो, हे तो दर वर्षी नव्या पोरांना घसा फोडून सांगायचा.

त्याने बेकरीच्या तीन प्लॅस्टिकच्या पिशव्या घेतल्या. स्टुलावर चढून तिन्ही अलार्मना घातल्या आणि रबर आवळून घट्ट बसवल्या. डबीत हवा शिरणार नाही, मग वाफही शिरणार नाही, उजेड विस्कटणार नाही, भोंगा होणार नाही. साधा हिशेब होता. पाळण्यावरची पिशवी लावताना दीक्षा खालून बघत होती.

"आग लागली तर?" ती म्हणाली.

"आपण दोघं घरात हाय न्हवं? डोळं हायत की आपल्याला."

दुसऱ्या दिवशी त्याने रजा वाढवली. सव्वानऊला दीक्षाने पोरीला पुसून, पाजून पाळण्यात घातलं आणि स्वतःही पलंगावर आडवी झाली. महिन्याभराच्या जागरणाने ती पडल्या पडल्या झोपली. प्रसेनजीतने बेडरूमचं दार उघडंच ठेवलं, हॉलमध्ये पंख्याखाली बसला आणि चहाचा कप घेऊन घड्याळाकडे पाहत राहिला.

दहा वाजले. दहा दहा झाले. सव्वादहा.

भोंगा झाला नाही. जिन्यात कुणी ओरडलं नाही. घरात एवढी शांतता होती की स्वयंपाकघरातल्या माठातलं पाणी झिरपून ठिबकलेलं ऐकू येत होतं. प्रसेनजीत खुर्चीत सैल झाला. किती दिवसांनी त्याला चहाची चव लागली.

आणि मग त्याला आईची फार आठवण झाली. म्हातारीला आपण उगाच बोललो. चूक कुणाची का असेना, आता प्रश्न मिटला होता. त्याने गारगोटीला फोन लावला.

"आई, चुकलं माझं. ये परत."

"भोंगा मिटला?"

"मिटला. एकदम गप. पोर तासभर झाला झोपलीया, हूं न्हाय की चूं न्हाय."

"बरं झालं बाई," सरुबाई म्हणाली. तिचा आवाज भरून आला होता. "दुपारच्या गाडीनं येतो मी. आज पुसूनच घेतलीया न्हवं तिला? उद्या मी घालतो चांगलं पाणी."

"व्हय, उद्या तूच..."

त्याच्या मनगटावर थेंब पडला. गरम होता.

६

त्याने वर पाहिलं. हॉलमधल्या अलार्मवरची पिशवी बाहेरून थेंबांनी डवरली होती. ते एकमेकांत मिसळून रबरापाशी येत होते आणि एकेक करून खाली पडत होते. खुर्चीभोवतीची फरशी ओली होती. म्हणजे बराच वेळ पडत असणार. आपण ते माठाचं पाणी समजलो होतो, हे त्याच्या ध्यानात आलं.

"काय रं, गप का झालास?" सरुबाई म्हणाली.

फोन कानाशी धरून तो पॅसेजमध्ये गेला. तिथली पिशवी नुसती गळत होती. बाथरूमचं दार सताड उघडं होतं. पाट खाली घातलेला होता. बादलीत तळाशी चार बोटं पाणी उरलं होतं आणि तांब्या त्यात हळूहळू कलंडत होता.

तो मागे वळला. बेडरूमचं दार त्याने उघडं ठेवलं होतं, याची त्याला पक्की खात्री होती. आता ते लावलेलं होतं. खालच्या फटीत काहीतरी होतं. त्याने ते पायाने सरकवलं. लुगड्याच्या फडक्याची घडी होती, आतून दाबून बसवलेली, वारा येऊ नये म्हणून.

"परसू? पोर बरी हाय न्हवं?"

त्याने दार ढकललं. आतली हवा न्हाणीसारखी दमट होती. खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. दीक्षा पलंगावर कुशीवर झोपली होती, कपाळाला केस चिकटलेले. पाऊल वाजलं तशी ती डोळे न उघडता पुटपुटली, "आई कधी आल्या? पाण्याचा आवाज आला... मी म्हटलं, घालू देत."

पाळण्यात पोर होती. तिचे केस ओले होते आणि मधोमध भांग पाडून बसवलेले होते. हातपाय सरळ करून तिला घट्ट गुंडाळलं होतं, जुन्या पद्धतीने, एक सुरकुती न ठेवता. गाल लालबुंद होते. तोंड किंचित उघडं होतं. महिन्याभरात ती इतकी शांत कधीच झोपली नव्हती.

पाळण्यावरची पिशवी पाण्याने फुगून लोंबत होती. प्रसेनजीतने हात वर करून ती ओरबाडून काढली. गरम पाणी त्याच्या बाहीत शिरलं.

भोंगा झाला. अकराच्या अकरा मजल्यांवर झाला. वर कुठंतरी दार आपटलं, जिन्यात पावलं वाजली, अमरसिंहांची हाक ऐकू आली. दीक्षा ताडकन उठून बसली. प्रसेनजीत वर अलार्मकडे पाहत राहिला. लाल दिवा धडाधड लुकलुकत होता. आता कसली वाफ? खोलीत तर काहीच दिसत नव्हतं.

मग त्याला दिसली. बारीक, पांढरी, दोऱ्याएवढी. बाहेर मे महिन्याचं ऊन तापलेलं, आणि पोरीच्या उघड्या तोंडातून वाफ निघून सरळ वर, अलार्मकडे जात होती. मध्ये जरा थांबायची आणि पुन्हा निघायची, श्वासासारखी.

त्याने तिला उचललं, गदगदा हलवलं, तिच्या गालावर टिचक्या मारल्या. पोर डोळे मिटून, अंग सैल सोडून, सुखाने झोपली होती. भोंगा कानठळ्या बसवत होता.

पलंगावर पडलेल्या फोनमधून सरुबाईचा आवाज येत होता. ती आधी हळू बोलत होती, मग ओरडू लागली.

"परसू, भोंगा ऐकू यायलाय मला. पोर का रडंना रं? परसू, पोर का रडंना?"